ठोक्यांचा विकार आणि वजनाची जबाबदारी

एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे दवाखान्यात सरसकट एएफ म्हटला जाणारा ठोक्यांचा विकार, हा वाढत्या वयाचा आणि नशिबाचा भाग आहे असे मानण्याची सवय अजून गेलेली नाही. ईसीजीच्या पट्टीवर तो लगेच ओळखू येतो. प्रत्येक उंच लाटेच्या आधी दिसणारी छोटी पी-लहर गायब असते, तिच्या जागी बारीक थरथर दिसते आणि दोन ठोक्यांमधल्या अंतराला काही धरबंध राहत नाही. मग कागदावर ठोक्यांची गती आवरणारी गोळी येते, रक्त पातळ करणारी गोळी येते, पुढे गरज पडली तर शॉक किंवा ॲब्लेशनचा, म्हणजे ठोके बिघडवणारी जागा निकामी करण्याचा, विषय निघतो. सगळ्यात शेवटी एक ओळ असते, वजन कमी करा. ती लिहिणाऱ्यालाही उपचार वाटत नाही आणि वाचणाऱ्यालाही वाटत नाही. माझा वाद त्या ओळीच्या जागेशी आहे. लठ्ठपणा हे एएफच्या मुळांपैकी एक ठळक मूळ आहे, आणि ज्या रुग्णाच्या बाबतीत ते लागू पडते त्याचे वजन उतरवणे हा गोळीइतक्याच गांभीर्याने द्यायचा उपचार आहे. यावर घेतले जाणारे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यांतले काही खरोखर वजनदार आहेत. म्हणूनच त्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवे.

सुरुवात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम गावापासून करावी लागते. 1948 पासून तिथल्या रहिवाशांच्या हृदयाची पिढ्यान्‌पिढ्या तपासणी चालू आहे. एएफमुळे पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो, हा आज प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाच्या तोंडी असलेला आकडाही तिथलाच. 2004 मध्ये याच अभ्यासातून पाच हजारांहून अधिक लोकांची सरासरी जवळजवळ 14 वर्षांची नोंद प्रसिद्ध झाली. बीएमआय एका अंकाने वाढला की एएफची शक्यता साधारण 4 टक्क्यांनी वाढत होती, आणि लठ्ठ स्त्रीपुरुषांमध्ये ती सामान्य वजनाच्या लोकांच्या जवळपास दीडपट होती. वय, रक्तदाब, मधुमेह, मधल्या काळात आलेला हार्ट अटॅक, हे सगळे हिशेबात धरूनही फरक उरत होता. पण मला या अभ्यासातली सर्वांत मोलाची गोष्ट वेगळी वाटते. संशोधकांनी एकोमध्ये मोजलेला डाव्या अलिंदाचा व्यास गणितात घातला, आणि बीएमआयचा संबंध पुसला गेला. काहींनी याचा अर्थ वजन निर्दोष ठरले असा लावला. मला तो उलटा वाटतो. वजनाचा परिणाम ज्या वाटेने ठोक्यांपर्यंत पोहोचतो, ती वाट इथे सापडली होती. जड शरीराला जास्त रक्त पुरवावे लागते, डावे निलय जाड आणि ताठर होते, त्यात रक्त ढकलताना अलिंदावर दाब येतो आणि ते वर्षानुवर्षे ताणले जाऊन मोठे होते. ताणलेल्या भिंतीतून विजेचा संदेश सरळ जात नाही, तो अडखळतो, फाटे फुटून गोल फिरत राहतो. एएफला हवी असलेली जमीन ती हीच.

हाच मुद्दा नेहमीच्या आक्षेपालाही लागू पडतो. लठ्ठ माणसाला बीपी असते, शुगर असते, रात्री घोरताना श्वास अडकतो. एएफ त्यातून होते, चरबीतून नव्हे. तेव्हा बीपी-शुगर आवरा, वजनाच्या मागे कशाला लागता, असे म्हटले जाते. यात तर्काची चूक आहे. एखादे कारण दुसऱ्या कारणामार्फत काम करते म्हणून ते कारण असण्यातून सुटत नाही. वजनाने बीपी वाढवले आणि बीपीने अलिंद ताणले, तर त्या ताणाचा काही वाटा वजनाच्याच नावावर जातो. शिवाय चरबीचा थेट हातही दिसतो. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या संशोधकांनी मेंढ्यांना महिनोन्‌महिने भरपूर खाऊ घालून लठ्ठ केले आणि त्यांचे हृदय तपासले. हृदयावरची चरबी वाढून डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीत, थेट स्नायूंच्या तंतूंमध्ये शिरलेली आढळली. तिथला विजेचा प्रवाह मंदावला होता आणि एएफ सहज सुरू होत होते. ही जागा महत्त्वाची आहे. फुफ्फुसांकडून येणाऱ्या शिरा याच मागच्या भागात उघडतात, आणि एएफ पेटवणाऱ्या ठिणग्या बहुतांशी त्या शिरांच्या तोंडाशी उठतात हे फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी 1998 मध्ये दाखवले होते. आजचे ॲब्लेशन त्याच शोधावर उभे आहे. राहिला प्रश्न मेंढीचे माणसाला लावता येते का, हा. त्यासाठी जनुकांचा पुरावा आहे. जन्मतःच वजनाकडे झुकवणारी जनुके ज्यांना मिळाली, त्यांच्यात एएफही जास्त आढळते, असे 2017 मध्ये पन्नास हजारांहून अधिक युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासात दिसले. जनुके व्यायामाच्या आळसाने किंवा पगाराने बदलत नाहीत, त्यामुळे निव्वळ योगायोगाच्या सोबतीची शंका इथे बरीच क्षीण होते.

बारीक माणसालाही एएफ होते, हे खरे आहे आणि त्याने काहीच सिद्ध होत नाही. विडी न ओढणाऱ्यालाही फुफ्फुसाचा कर्करोग होतो. स्वीडनमधल्या वासालोपेट या लांब पल्ल्याच्या स्कीइंग शर्यतीत वारंवार उतरणाऱ्या काटक खेळाडूंमध्ये एएफ जास्त सापडले, हेही नेहमी पुढे केले जाते. पण तिथेही ताणले जाते ते अलिंदच, फक्त ताण देणारा वेगळा. उंची आणि स्नायूंचे वजन यांचाही एएफशी संबंध दिसतो, हा त्याहून गंभीर आक्षेप. मात्र लठ्ठ शरीरात चरबीबरोबर तिचा भार वाहणारे स्नायूही वाढतात, आणि वजन उतरवताना दोन्हींचा भार हलका होतो. उंची कमी करता येत नाही, वजन करता येते, आणि उपचाराच्या दृष्टीने एवढा फरक पुरेसा आहे. एएफ झाल्यावर लठ्ठ रुग्ण काही अभ्यासांत जास्त जगलेले दिसतात, हा युक्तिवाद मला सर्वांत कच्चा वाटतो. जुन्या आजाराने खंगलेले रुग्ण बारीक गटात मोजले जातात आणि लठ्ठ गट तुलनेने बरा दिसू लागतो.

खरी लढाई पुढच्या प्रश्नावर आहे. कारण मान्य केले, तरी वजन उतरवल्याने ठोके सुधारतात का? ॲडलेडच्याच गटाने 2013 मध्ये 150 रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. एका गटाला काटेकोर वजन-कार्यक्रम दिला, दुसऱ्याला सर्वसाधारण सल्ला. पंधरा महिन्यांत पहिल्या गटाचे सरासरी 14 किलो उतरले, दुसऱ्याचे चारही नाही. पहिल्या गटात एएफचे झटके, त्यांचा कालावधी आणि त्रास घटला. 2015 मधल्या त्यांच्या लेगसी अभ्यासात 355 रुग्ण होते. ज्यांनी वजन 10 टक्के किंवा जास्त उतरवून टिकवले त्यांच्यातले सुमारे 46 टक्के लोक ठोक्यांची औषधे किंवा ॲब्लेशन यांशिवाय एएफमुक्त राहिले. 3 टक्केही न उतरवणाऱ्यांत हे प्रमाण 13 टक्के होते. वजन खालीवर होत राहिलेल्यांचा फायदा बराचसा वाया गेला. इथे विरोधकांचा आक्षेप रास्त आहे: लेगसीत चिठ्ठ्या नव्हत्या, नेटाने वजन उतरवणारा माणूस गोळ्याही नेटाने घेतो. त्यात ते दोन अभ्यास पुढे करतात. अमेरिकेतल्या लुक अहेड चाचणीत मधुमेहाच्या पाच हजारांहून अधिक रुग्णांपैकी अर्ध्यांना आहार-व्यायामाचा कसून कार्यक्रम दिला, तरी नव्याने होणारे एएफ कमी झाले नाही. जर्मनीतल्या सॉर्ट-एएफमध्ये ॲब्लेशनसोबत वजन-कार्यक्रम दिला, तरी एकूण रुग्णांत एएफ परतण्याचे प्रमाण घटले नाही. पण हे अभ्यास आतून पाहावेत. लुक अहेडच्या अखेरीस एका गटाचे वजन 6 टक्के उतरलेले होते आणि तुलनेच्या गटाचे साडेतीन. फरक राहिला अडीच टक्क्यांचा. सॉर्ट-एएफमध्ये बीएमआय 35 च्या आसपासून 33 च्या थोडा वर आला. इतक्या थोड्या मात्रेने गुण आला नाही म्हणून औषधच खोटे ठरवणे हा न्याय आपण इतर कुठल्याही औषधाला लावत नाही. उलट स्वीडनमध्ये वजनाची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या लोकांचा सुमारे दोन दशके पाठपुरावा झाला तेव्हा त्यांच्यात एएफ जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी आढळले. त्यातही चिठ्ठ्या नव्हत्या. पण प्रयोगशाळा, जनुके, छोटी चाचणी आणि मोठे पाठपुरावे जेव्हा एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा अंतिम पुराव्याची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे रुग्णाच्या हिताचे नाही.

एक आक्षेप वैद्यकीय नाही आणि मला तोच सर्वांत जास्त टोचतो. वजनावर बोट ठेवले की आजाराचे खापर रुग्णावर फुटते, त्याला अपराधी वाटते, तो दवाखाना टाळतो. ही भीती खरी आहे. पण तिचे मूळ त्या एका ओळीतच आहे. साधन न देता आज्ञा दिली की अपयश आज्ञा मिळालेल्याच्या माथी येते. ॲडलेडमध्ये काय केले ते जवळून पाहिले तर फरक कळतो. तिथे वजनासाठी स्वतंत्र ओपीडी होती, रुग्ण खाण्याची रोजची नोंद ठेवत होता, व्यायाम आठवड्यातून तीनदा 20 मिनिटांपासून सुरू होऊन हळूहळू आठवड्याला 200 मिनिटांवर नेला जात होता, आणि तीन महिन्यांत 3 टक्केही वजन न उतरलेल्याला दोष देण्याऐवजी एकदोन जेवणांऐवजी घ्यायची कमी उष्मांकाची पाकिटे दिली जात होती. जबाबदारी उपचार करणाऱ्यांनी घेतली होती. आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत लाखो रुपयांचे ॲब्लेशन होते, पण त्याच मजल्यावर आहारतज्ज्ञाची वेळ मिळत नाही, याची आपल्याला लाज वाटायला हवी.

आपल्याकडचे एएफ वेगळे आहे, लहानपणच्या संधिवाताच्या तापाने आकसलेल्या झडपेमुळे होणारे, असे काही जण म्हणतात. भारतातल्या रुग्णांच्या नोंदींत झडपेच्या विकाराचा वाटा पाश्चात्त्यांच्या कितीतरी पट आहे, हे निर्विवाद. आकसलेली मायट्रल झडप वजन उतरवून उघडत नाही, आणि अशा रुग्णाला माझा युक्तिवाद लावू नये. पण तो एकटा रुग्ण नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 24 टक्के स्त्रिया आणि जवळपास 23 टक्के पुरुष जादा वजनाचे आढळले, आणि पोटाचा घेर मोजला तेव्हा घातक घेराच्या स्त्रिया 40 टक्क्यांवर गेल्या. वजन आणि चरबी यांतली अशीच तफावत पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेटमधल्या एका छोट्या टिपणात सहकारी जॉन युडकिन यांच्या शेजारी स्वतःला उभे करून दाखवली होती. दोघांचा बीएमआय 22.3, युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात 21.2. म्हणजे 2023 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी एएफच्या रुग्णाला 10 टक्के वजन उतरवण्याचा सल्ला देताना बीएमआय 27 ही जी रेघ धरली आहे, ती आपल्या शरीरांसाठी उशिराची ठरण्याची दाट शक्यता आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. एएफच्या प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर वजनाबरोबर कमरेचा घेर आणि एकोमधला डाव्या अलिंदाचा आकार लिहावा, घोरणे आणि दिवसा येणारी झोप विचारावी, आणि उतरवायचे वजन किलोमध्ये ठरवून तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. ॲब्लेशनची तारीख ठरते त्याच दिवशी हा कार्यक्रमही सुरू व्हावा. वजन उतरले, धडधड थांबली, म्हणून कोणी रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून बंद करू नये; गुठळीचा धोका वय, बीपी, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवर ठरतो आणि ठोके शांत झाले तरी तो संपत नाही. आणि घेर हा निकष धरून, आपल्या जेवणाला आणि आपल्या शरीरांना धरून, ॲडलेडसारखी पण मोठी आणि चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी इथे व्हावी. त्यासाठी लागणारे रुग्ण आपल्या ओपीडींमध्ये आजही बसलेले आहेत, आणि ज्या पुण्यातून चरबीच्या या कोड्याकडे लक्ष वेधले गेले तिथून तिची सुरुवात करायला काहीच आडकाठी नाही.