इतिहासपटाला नट हवेत की माणसे?

ऐतिहासिक चित्रपटाचा विषय निघाला की आपल्याकडे दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. एक, त्याला कोट्यवधी रुपये लागतात. दुसरी, तो मुंबईच्या चित्रसृष्टीतील नामवंतांनीच करावयाचा असतो. वसईतील सुशिक्षित ख्रिस्ती मंडळीही हेच ऐकवतात. ‘आपल्याकडे नट कुठे आहेत?’ हा सूर वरवर नम्रतेचा वाटतो; वस्तुतः तो आळसाचा आहे आणि त्याची किंमत आपण मोजत आलो आहोत. हिंदी चित्रपटांतला नेहमीचा ख्रिस्ती माणूस आठवून पाहा : हातात बाटली, तोंडी मोडकी हिंदी आणि गळ्यात भलामोठा क्रूस! केळीच्या वाडीला पाणी देणारा, घरात सामवेदी बोली बोलणारा ख्रिस्ती शेतकरी तेथे शोधूनही सापडत नाही. दुसऱ्यांनी आपले चित्र विपर्यस्त काढले अशी तक्रार आपण वारंवार करतो. मग खरे चित्र काढण्याचे काम कोणाचे?

इटलीचे दिग्दर्शक एर्मानो ओल्मी यांनी १९७८ साली ‘लाकडी खडावांचे झाड’ या अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. काळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आणि स्थळ बेर्गामो परगण्यातील एक शेतवाडी. त्यातील पात्रे त्याच परगण्यातील शेतकऱ्यांनी व गावकऱ्यांनी रंगविली आणि संवादही त्यांच्याच बोलीत ठेवले. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन सारे ओल्मींचे. धर्मगुरूंच्या सांगण्यावरून शाळेत जाऊ लागलेल्या मुलाची खडाव तुटते. बाप रात्री गुपचूप एक झाड तोडून नवी खडाव घडवतो. झाड मालकाचे, म्हणून कुटुंबाला वाडी सोडावी लागते. एवढीच मध्यवर्ती घटना. ना लढाई, ना राजवाडा. तरीही कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले आणि १९९५ साली चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत त्याचा समावेश झाला.

या यशाचे मर्म समजून घेतले पाहिजे. पोशाख भाड्याने मिळतो, घर उभारता येते. परंतु विळा धरण्याची, गाय दोहण्याची, जपमाळ म्हणता म्हणता निवडटिपण करण्याची हातांची सवय भाड्याने मिळत नाही. इतिहासपटाचा अस्सल साज तो हाच. म्हणून गावची माणसे घेणे ही गरिबांची तडजोड आहे, हा समज मुळातच खोटा आहे. लाल लुगडे नेसून ज्या आजीचा जन्म गेला, तिच्या चालण्यात जे आहे ते कोणती नटी आठवडाभरात शिकणार? राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून सुकेळी करणारे, बैलांच्या रहाटाची कुरकुर कानांत साठवलेले वृद्ध आज आपल्यात आहेत. ते उद्या नसतील. जुनी घरे पडत आहेत, विहिरी बुजत आहेत. पैसा दहा वर्षांनीही उभा राहील, ही माणसे मिळणार नाहीत.

पैशाचे म्हणाल, तर १९७६ साली श्याम बेनेगलांच्या ‘मंथन’साठी गुजरातेतील ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले. सहकाराच्या बळावर पतपेढ्या उभारणाऱ्या आपल्या समाजाला हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नसावी. मात्र ‘स्थानिक’ म्हणजे ‘फुकट’ असा अर्थ कोणी काढू नये. शेतातली मजुरी बुडवून छायाचित्रणाला येणाऱ्याला त्याचा रोज मिळालाच पाहिजे. ‘समाजाची सेवा’ म्हणून गरिबाकडून विनामूल्य काम करवून घेणे हा सरळ अन्याय आहे.

खरा अडथळा पुढेच आहे. आपण चित्रपट काढलाच तर त्यात साऱ्या माता सोशिक, सारे धर्मगुरू प्रेमळ आणि सारे शेजारी परोपकारी असावेत, असा आग्रह आपल्यातीलच काही जण धरतील. ओल्मींच्या चित्रपटातील शेजारी भाविक आहेत. परंतु ते कुटुंब गाडीत सामान भरते तेव्हा मालकाच्या भयाने कोणी त्यांच्याजवळ जात नाही. श्रद्धा आणि भेकडपणा एकाच अंगणात नांदतात, हे दाखविण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. आपल्यापाशी आहे काय? सावकाराचे कर्ज, समाजासमाजांतील उच्चनीचता, सुनांचे मुके सोसणे यांना वगळून काढलेला चित्रपट सणाच्या देखाव्यापलीकडे जाणार नाही.

विषय तर दारात उभे आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या साथीची आठवण सांगणारे क्रूस वांद्र्याच्या गल्ल्यांत आजही आहेत. ओल्मींची शेतवाडी नेमकी त्याच सुमाराची. १७३९ ची वसईची लढाई भव्यतेची आवड असणाऱ्यांनी खुशाल रंगवावी. भयाने दारे लावून बसलेल्या एका आळीत शेजाऱ्याला पाणी नेऊन देणारा कोण निघाला, ही कथा आपली आहे.

धर्माग्रामांतून दरवर्षी नाटके बसविणारे तरुण आहेत, शिंपी आहेत, सुतार आहेत, बँडवाले आहेत. धर्माग्रामाच्या पुढील सभेत कोणीतरी उठून एवढेच विचारावे : आपल्या आजी-आजोबांना पडद्यावर आणण्यासाठी आपण नेमकी कोणाची वाट पाहत आहोत?