तारखेचा हट्ट कशाला?

मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांवर ठरलेली टीका म्हणजे, "यांना तारीख पाळता येत नाही." आमचा भाचाही तेच म्हणतो. तो उबुंटूवाला, मी डेबियनवाला. उबुंटू २००४ पासून दर एप्रिल-ऑक्टोबरला नवी आवृत्ती काढतं. डेबियनचे स्वयंसेवक म्हणतात, तयार झाली की देऊ. भाच्याला हा आळशीपणा वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो! पगार नाही, साहेब नाही, अशा माणसांना तारखेचा चाबूक दाखवायचा कुणी? आणि घरची सगळी कागदपत्रं ज्या यंत्रावर आहेत ते अर्धवट सॉफ्टवेअरनं बिघडलं, तर वेळ पाळल्याचं कौतुक घेऊन करायचं काय?

आता अतिरेकही झालाय, नाही असं नाही. 'वुडी' जुलै २००२ मध्ये आली आणि पुढची 'सार्ज' थेट जून २००५ मध्ये. (नावं 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पात्रांची, बरं का!) तीन वर्षं जुन्यावर भागवायचं म्हणजे फारच झालं.

पण मंडळी त्यातून शिकली. २००९ मध्ये त्यांनी ठरवलं, तारीख बांधायची ती गोठवण्याची, दर दोन वर्षांनी. गोठवणं म्हणजे नवीन काही घ्यायचं नाही, नुसत्या दुरुस्त्या करायच्या. प्रकाशन मात्र गंभीर दोष निस्तरल्यावरच. 'ट्रिक्सी' मार्च २०२५ पासून टप्प्याटप्प्यानं गोठवली आणि ९ ऑगस्टला बाहेर आली. आमच्या निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार तरी वेगळं काय करतो? छाटणीची तारीख तो ठरवतो, पण घड काढतो ते साखर भरल्यावर. कॅलेंडर बघून तोडलेली आंबट द्राक्षं घेणार कोण?

घाईत पहिला बळी जातो भाषांतराचा. मूळ इंग्रजी मजकूर पक्का झाल्याशिवाय मराठी पुरं होत नाही. 'लेनी' सप्टेंबर २००८ मध्ये यायची होती, आली १४ फेब्रुवारी २००९ ला. त्याच आवृत्तीत डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीची भर पडली. उशिरामुळेच पडली असं मी म्हणत नाही, पण ते पाच महिने आज कुणाला आठवतात?

आणि भाचेबुवा, तुमच्या उबुंटूची पहिली दीर्घ मुदतीची आवृत्ती एप्रिल २००६ मध्ये यायची होती. तपासणी आणि स्थानिक भाषांचं काम नीट व्हावं म्हणून ती १ जूनपर्यंत थांबवली. ६.०४ व्हायची ती ६.०६ झाली. त्याला काय म्हणायचं, आळस?