जरा सरकून घ्या

महाडला मेट्रो नाही. वीर स्थानकावरची कोकण रेल्वे, आगारातली लालपरी आणि सीटा भरल्याशिवाय जागची न हलणारी मिनीडोर, एवढ्यावर आपले भागते. तरी दिवाळीला गावी आलेला चाकरमानी बाजारपेठेत भेटला की हल्ली बोलणे मेट्रोवर येतेच. आपल्या जिल्ह्यातही ती पोचली आहे. 17 नोव्हेंबर 2023 रोजी सुरू झालेली बेलापूर–पेंधर मेट्रो खारघरवरून तळोज्याकडे जाते. म्हणून यंदाच्या अंकाचा विषय आम्ही ठेवला : प्रवास आणि शेजार.

मेट्रोतल्या माणसाच्या तऱ्हा बघण्यासारख्या असतात. डब्यात मधोमध मोकळी जागा असते आणि गर्दी सगळी दाराशी. 2014 साली सुरू झालेल्या वर्सोवा–घाटकोपर मार्गावर घाटकोपर हे शेवटचे स्थानक. तिथे गाडी रिकामी व्हायचीच असते. तरी साकीनाक्यापासूनच मंडळी दार धरून उभी! खाली लोकल गाठायची ना! फाटकाशी कुणी कागदी तिकीट उलटे धरले, की मागची रांग एका सुरात 'च्च' करते. गावाहून आलेली आजी तांदळाची पिशवी तपासणीच्या यंत्रात जाऊन पलीकडून बाहेर येईपर्यंत तिच्यावरची नजर काढत नाही. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवलेला गडी इथेही सवयीने म्हणतो, "जरा सरकून घ्या." समोरचा कानातली बोंडे न काढता बोटभर सरकतो.

सगळ्यात नवल वाटते ते तिथल्या गप्प बसण्याचे. एसटीतला शेजारी पोलादपूर यायच्या आत आपले गाव, वाडी, आडनाव, पोरांची लग्ने, सगळे काढून घेतो. मेट्रोत समोरासमोर बसलेली माणसे एकमेकांच्या चपला न्याहाळत स्टेशन येण्याची वाट बघतात. शहराला माया नाही, असे आपण म्हणतो ते यावरूनच.

पण चवदार तळ्याच्या गावात बसून लिहिताना हा निकाल इतक्या झटकन देता येत नाही. 1901 साली दहाएक वर्षांचा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाला. मसूर स्थानकावर उतरल्यावर मुले कोण, हे विचारले गेले. मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण कबूल झाला. भाडे दुप्पट, गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. गाडीत बसू द्यायचे की नाही, हे त्या एका चौकशीवर ठरले होते.

तळ्याचेही तेच. 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मंजूर झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. कागदावर सगळे झाले होते. तळ्यापर्यंत अस्पृश्यांची पावले मात्र बाबासाहेबांच्या मागोमाग 20 मार्च 1927 रोजी गेली, आणि त्यानंतरही पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयात कायम व्हायला 1937 उजाडले.

हे आठवले की मेट्रोतल्या मौनाची दुसरी बाजू दिसते. फाटक तिकिटाखेरीज काही विचारत नाही. खांद्याला खांदा लागलेला माणूस कुठल्या आळीतला, हे कुणाला कळत नाही आणि त्याने कुणाचे अडतही नाही. ही कमाई लहान नव्हे. पण ती डब्यापुरतीच राहते, हेही खरे. त्याच डब्यातून उतरलेला माणूस भाड्याने खोली बघायला गेला, की पहिला प्रश्न आडनावाचा येतो. आणि ज्याच्या खिशाला मेट्रोचे भाडे झेपत नाही, त्याला फाटकही ओळखत नाही.

एसटीतली चौकशी आणि मेट्रोतली अबोल बरोबरी, यांतले एकच निवडा असे कुणी म्हटले, तर आम्हाला दोन्ही हवे आहेत. शेजाऱ्याशी भरभरून बोलावे, फराळाचा डबा त्याच्यापुढे उघडावा, गावही विचारावे. फक्त त्याला जागा द्यायची की नाही, हे त्याच्या उत्तरावर ठरू नये. 2027 मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. तोवर महाडला मेट्रो येणार नाही, पण एवढी रीत आपल्या मिनीडोरपासून भाड्याच्या खोलीपर्यंत नेता येईल. त्यासाठी कुठल्याही मंजुरीची वाट बघावी लागत नाही.



— संपादक