युद्धपटांचा अपुरा हिशेब

युद्धपट हा हिंदी चित्रपटसृष्टीचा जुना व्यवसाय आहे. परंतु अलीकडच्या काळात चित्रपटगृहातील घोषणा आणि निवडणूक-सभेतील घोषणा यांच्यामधले अंतर झपाट्याने कमी होत गेले आहे. २०१९ च्या जानेवारीत 'उरी' प्रदर्शित झाला आणि जवानांच्या जोशाची विचारणा करणारे त्यातील वाक्य आठवडाभरातच सर्वतोमुखी झाले. मुंबईत भारतीय चित्रपटाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे उद्घाटन करताना खुद्द पंतप्रधानांनी तेच वाक्य जमलेल्या कलावंतांना ऐकविले. लोकसभेची निवडणूक तेव्हा तीन महिन्यांवर होती. तो चित्रपट चांगला की वाईट, हा येथे प्रश्न नाही. युद्धाची आठवण समाजाने कशी ठेवावी हे कोणी ठरवायचे, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधायचे तर लोकांनी आपणहून कोणते युद्धपट मनात जपून ठेवले, हे प्रथम पाहिले पाहिजे.

त्यांत पहिले नाव निघते ते 'हकीकत'चे. चेतन आनंद यांचा हा चित्रपट १९६४ सालचा. म्हणजे चीनबरोबरच्या युद्धाला अवघी दोन वर्षे झाली असतानाचा. ती जखम ओली होती. अशा वेळी खोट्या विजयाची कथा रचून टाळ्या मिळविणे अवघड नव्हते. त्याऐवजी लडाखच्या बर्फात मुख्य सैन्यापासून तुटलेल्या, अपुऱ्या साधनांनिशी माघार घेत मरणाऱ्या तुकडीची कथा या चित्रपटाने सांगितली. वेढ्यात सापडलेले जवान आपापल्या घरची आठवण काढतात, ते गीत कैफी आझमींनी लिहिले, मदनमोहन यांनी संगीतबद्ध केले आणि रफी, मन्ना डे, तलत महमूद व भूपिंदर या चौघांनी गायिले. साठ वर्षे उलटली तरी 'हकीकत' म्हटले की लोकांना आठवते ते हे गीत. चित्रपटात किती शत्रू मारले गेले, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

'बॉर्डर'ची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. १९७१ च्या डिसेंबरात राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला ठाण्यावर झालेल्या लढाईवर जे. पी. दत्ता यांनी तो १९९७ साली काढला. त्यात शत्रूविषयी त्वेषाची भाषणे भरपूर आहेत. रणगाडे आणि स्फोट आहेत. पुढे तंत्र सुधारले आणि याहून मोठे स्फोट पडद्यावर आले. तरीही घरून आलेली पत्रे वाचणाऱ्या जवानांचे जे गीत जावेद अख्तर यांनी लिहिले, ते आजही लग्नाच्या वरातीपासून गणेशोत्सवाच्या मांडवापर्यंत वाजते. भाषणे विरली आणि पत्रे उरली. दिग्दर्शकाला अभिप्रेत असो वा नसो, प्रेक्षकाने आपली निवड केली.

मराठी माणसाला या संदर्भात एका जुन्या चित्रपटाची आठवण ठेवणे भाग आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने चीनला धाडलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले आणि जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांची शुश्रूषा करीत ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच मरण पावले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर लिहिले आणि व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढून स्वतः नायकाची भूमिका केली. या युद्धपटाचा नायक कोणावर गोळी झाडत नाही, तो जखमा शिवतो. पुढे १९६२ साली त्याच चीनशी भारताचे युद्ध झाले. तरीही कोटणिसांचा मान दोन्ही देशांत कायम राहिला. शत्रू बदलतात, सीमा हलतात. जखमेवर बांधलेल्या पट्टीचे मोल मात्र कमी होत नाही.

जगाच्या चित्रपटसृष्टीतही हेच दिसते. चुखराई यांच्या १९५९ सालच्या 'बॅलड ऑफ अ सोल्जर' या सोव्हिएत चित्रपटातील कोवळा सैनिक दोन रणगाडे निकामी करतो. पदक देऊ केले असता तो रजा मागतो. आईच्या घराचे छप्पर गळते आहे, ते त्याला दुरुस्त करावयाचे असते. रजेचे दिवस वाटेत इतरांची दुःखे हलकी करण्यातच सरतात आणि आईच्या वाट्याला जेमतेम काही क्षणांची भेट येते. तो परत आला नाही, हे प्रेक्षकाला आरंभीच सांगितलेले असते. दोन कोटींहून अधिक माणसे गमावलेल्या देशाने आपल्या युद्धाची आठवण एका गळक्या छपरातून सांगितली. याउलट 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' हा पहिल्या महायुद्धातील जर्मन पोरांची ससेहोलपट दाखविणारा अमेरिकन चित्रपट १९३० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये लागला, तेव्हा गोबेल्सच्या अनुयायांनी चित्रपटगृहात उंदीर सोडून खेळ उधळला आणि काही दिवसांतच त्यावर जर्मनीत बंदी आली. सैनिकाला माणूस म्हणून दाखविणाऱ्या चित्रपटाचे भय कोणाला वाटते, हे त्यावरून समजावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. जवान सीमेवर प्राण देतो; त्याच्या शौर्याचे गुणगान करण्यात गैर काय? गैर काहीच नाही. शौर्याचे स्मारक उभारण्याची चाल महाराष्ट्राला नवी नाही. ज्या शिलाहार राजवटीत अंबरनाथचे शिवमंदिर १०६० साली उभे राहिले, तिच्या अखेरच्या लढाईची दृश्ये बोरिवलीजवळच्या एकसर येथील वीरगळांवर कोरलेली आहेत, असे मानले जाते. त्या शिळांवर लढाऊ गलबते आहेत, पडलेले योद्धे आहेत आणि सर्वांत वर स्वर्गलोक आहे. खालून वर पाहत गेले तर चित्रपटाप्रमाणेच कथा उलगडते. परंतु त्या गलबतांची वल्ही मारणाऱ्यांचे पुढे काय झाले आणि पडलेल्यांच्या घरी कोण रडले, यासाठी शिळेवर जागा नाही. शिल्पकार राजाच्या आज्ञेत होता. आजच्या दिग्दर्शकावर तशी आज्ञा नाही, निदान नसावी. त्याने वीरगळाच्या पुढे जावे, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

पुढे जायचे म्हणजे कोठे, हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन स्थानके पाहिली तरी पुरे. उल्हासनगर हे शहरच मुळी युद्धाचे अपत्य आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने येथे कल्याण कॅम्प नावाचा लष्करी तळ उभारला. युद्ध संपले, सैनिक गेले आणि रिकाम्या बराकींत फाळणीने सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसे आणून उतरविण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. तरीही शहराचे विभाग आजतागायत कॅम्प नंबर एक ते पाच असेच ओळखले जातात. पत्ता सांगताना माणसे नकळत एका महायुद्धाचे नाव घेतात. सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी बांधलेल्या लांबलचक बराकीत पडदे आणि फळ्या लावून संसार थाटले गेले, त्याच भिंतींआड धंदे उभे राहिले, आणि पुढे फर्निचरपासून जीन्सपर्यंतच्या बाजारपेठेने हे शहर देशभर ओळखले जाऊ लागले.

फाळणीला कोणी युद्ध म्हटले नाही. पण तिने केलेला संहार आणि विस्थापन एखाद्या महायुद्धाला शोभेल असे होते. एम. एस. सथ्यू यांच्या 'गर्म हवा'ने आग्ऱ्याच्या एका मुसलमान कुटुंबाच्या रूपाने ते पडद्यावर आणले. चित्रपट कित्येक महिने सेन्सॉरने अडकवून ठेवला होता. 'हकीकत'मध्ये सैन्याधिकारी झालेले बलराज साहनीच येथे घर सुटत चाललेला वृद्ध कारखानदार झाले, हा योगायोग विचार करण्याजोगा आहे. आग्ऱ्यात जे दार बंद होत होते, त्याचीच दुसरी बाजू कल्याण कॅम्पच्या बराकीत होती. सिंधी भाषेत १९५८ साली 'अबाना' निघाला आणि साधना शिवदासानी ही निर्वासित कुटुंबातील मुलगी त्यातून पुढे आली. परंतु बराकीतील त्या पहिल्या दशकाची कहाणी हिंदी वा मराठी पडद्याने अशी ठळकपणे कधी सांगितली नाही.

अंबरनाथची कथा याहून निराळी. येथे संरक्षण खात्याचे दोन कारखाने, आयुध निर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी. पडद्यावर तोफ धडाडते तेव्हा प्रेक्षक टाळी वाजवितो. त्या दारूगोळ्याचे धातूचे भाग ज्या हातांनी तयार होतात ते हात युद्धपटात दिसत नाहीत. या कामगारांच्या अखिल भारतीय महासंघाचे नेतृत्व एस. एम. जोशींसारख्या समाजवादी नेत्याने केले, ते देशाचे संरक्षण आणि कामगाराचा हक्क यांत विरोध नाही या भूमिकेतून. २०२१ साली केंद्र सरकारने ४१ आयुध निर्माणी सात कंपन्यांत विभागण्याचे ठरविले; विरोध होणार हे जाणून संरक्षण सेवांतील संप बेकायदा ठरविण्याचा अधिकार आधी वटहुकूम आणि मग कायदा करून हाती घेतला. १ ऑक्टोबर २०२१ रोजी अंबरनाथचा एक कारखाना यंत्र इंडिया या कंपनीकडे आणि दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेला. जोशाची विचारपूस करणाऱ्या राजवटीने या कामगारांच्या जोशाची विचारपूस केली ती अशी. युद्धपटात ज्याला स्थान नाही, त्याला संरक्षणनीतीतही स्थान उरत नाही, याचे हे रोकडे उदाहरण आहे.

म्हणूनच युद्धपट कसे निघतात याकडे केवळ करमणुकीचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही. सिनेमा हा आता या देशाचा इतिहासाचा शिक्षक होऊन बसला आहे, आणि तो अर्धाच धडा शिकवीत असेल तर उरलेला अर्धा समाजाने शिकविला पाहिजे. या पट्ट्यातील महाविद्यालये, वाचनालये आणि कामगार संघटना यांनी 'हकीकत', 'गर्म हवा', 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' यांचे खेळ लावावेत, त्यांवर चर्चा घडवाव्यात. १९४७ साली आईबापांचे बोट धरून बराकीत आलेली मुले आज ऐंशीच्या घरात किंवा तिच्याही पलीकडे आहेत. निर्माणीतून निवृत्त झालेल्या जुन्या कामगारांची पिढीही थकत चालली आहे. त्यांच्या आठवणी आजच ध्वनिमुद्रित केल्या नाहीत, तर उद्याच्या दिग्दर्शकाला हवी ती सामग्री मिळणार नाही.

राहता राहिले बदलापूर. येथे फौजांचे घोडे बदलले जात, म्हणून गावाला हे नाव पडले, असे लोकपरंपरा सांगते. २०१५ साली याच नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हा जाहिरातीत त्या नावातून ऐकू आला तो बदला. आणि तरीही श्रीराम राघवन यांच्या त्या कथेच्या अखेरीस नायकाच्या हाती सूडाची व्यर्थताच उरते. एका शब्दाचे हे दोन अर्थ आहेत आणि युद्धपटांपुढेही हेच दोन मार्ग आहेत. सूडाची नशा चढविणारे चित्रपट निवडणुकीच्या हंगामापुरते चालतील. दमलेला घोडा सोडून दुसरा घेण्याची सोय ज्यांना कधीच नव्हती, त्या बराकीतल्या आणि कारखान्यातल्या माणसांचा हिशेब मांडणारा युद्धपट अद्याप निघायचा आहे.