अडतीस दातांचे चाक

माणसाला एखादा छंद असावा, याविषयी आपल्याकडे दुमत नाही. मात्र तो कसला असावा, याविषयी घरोघर नियम ठरलेले आहेत. पेटी वाजवणारा जावई चालतो, पोस्टाची तिकिटे जमवणारा मुलगा चालतो, गच्चीत गुलाब लावणारे सासरे तर फारच चालतात. पण मागच्या खोलीत लेथ बसवून रविवारी सकाळी सदऱ्यावर तेलाचे डाग पाडून घेणारा गृहस्थ दिसला, की पाहुणे पहिला प्रश्न विचारतात, "यातून महिन्याकाठी किती सुटतात?" सुटत काही नाहीत, उलट जातातच, असे सांगितले की त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते आणि ते घरातल्या बाईमाणसांकडे वळतात.

पाहुण्यांचा तरी काय दोष? आपल्याकडे यंत्र आले ते पोटापाण्याचे साधन म्हणून. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर काढला आणि १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. यंत्र म्हणजे कारखाना आणि कारखाना म्हणजे भाकरी, हे समीकरण मनात पक्के बसले. नुसत्या हौसेखातर लोखंड कातणारा माणूस या समीकरणात कुठेच बसत नाही.

ज्यांनी लेथ पाहिलेला नाही, त्यांनी स्वयंपाकघरातले लाटणे हातात घ्यावे. ते कातूनच गोल झाले आहे. लाकूड गरगर फिरवायचे आणि त्याला हत्याराची धार लावायची, ही कातारी लोकांची विद्या फार जुनी. धातूच्या लेथमध्ये फरक एवढाच, की हत्यार हातात धरलेले नसते. ते एका सरकत्या पाटावर घट्ट आवळलेले असते आणि एक लांब स्क्रू त्या पाटाला मोजून मापून पुढे नेतो. सरकता पाट, लांब स्क्रू आणि दोहोंना चाल देणारी दातेरी चाके हे सारे एकत्र आणून नेमके आटे पाडणारा लेथ लंडनच्या हेन्री मॉडस्ले याने १८०० च्या सुमारास उभा केला. त्यापूर्वी नट आणि बोल्ट यांची जोडी लग्नाच्या जोडीसारखी असे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला बसेलच, याचा भरवसा नसे. मॉडस्लेने आपल्या टेबलावर मापाचे एक यंत्र ठेवले होते आणि त्याला 'लॉर्ड चॅन्सेलर' असे नाव दिले होते, कारण त्याच्या निकालावर अपील नाही! त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने पुढे १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण ठरवून दिले.

आता हौशी मंडळींकडे वळू. विलायतेत पर्सिव्हल मार्शल या गृहस्थांनी १८९८ च्या जानेवारीत 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक काढले. कारकून, शिक्षक, दुकानदार अशी सामान्य माणसे घरच्या शेडमध्ये छोटी वाफेची इंजिने करत, आणि अडले की या अंकाकडे धाव घेत. त्यातला सर्वांचा लाडका लेखक 'एल. बी. एस. सी.' या टोपणनावाने लिही. हे नाव त्याने एका रेल्वे कंपनीच्या आद्याक्षरांवरून उचलले होते. खेळण्याएवढ्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये खरा कोळसा जाळता येतो की नाही, यावर १९२० नंतर मोठे वादंग माजले. विद्वानांचे म्हणणे, स्पिरिटच हवे. या गृहस्थाने वाद घालता घालता अडीच इंच रुळांवर धावणारे कोळशाचे इंजिनच करून दाखवले. नाव त्याचे 'आयेशा'. त्याने १९२४ मध्ये मोठ्या माणसाला ओढून नेले आणि वाद मिटला. पुढे १९६७ मध्ये मरण येईपर्यंत तो लिहीत राहिला. त्याचे लेखन वाचताना वाटते, की समोर खुर्ची टाकून कोणी गप्पा मारतो आहे. हे चाक असे धर, इथे घाई करू नकोस, हे बिघडले तर असे सावर. त्या गप्पांवर कितीतरी माणसांची इंजिने धावली.

गप्पा हा शब्द मी मुद्दाम वापरला. ही विद्या पुस्तकात अर्धीच उतरते. उरलेली अर्धी शेजारी उभे राहून मिळवावी लागते. आमच्या पुण्यात चारपाच जणांचा रविवारचा अड्डा आहे. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले मामा, बँकेतले एक साहेब, दिवसा सीएनसी यंत्रावर काम करणारी एक डिप्लोमावाली मुलगी आणि मी. दंतवैद्य डॉक्टर होते, ते गेल्या वर्षी गेले.

आमचे बोलणे बाहेरच्या माणसाने ऐकले तर त्याला वाटेल, इथे कोणाचे तरी आजारपण चालले आहे. "कालपासून थरथर थांबत नाही हो!" बँकवाले सांगतात. विषय असतो पार्टिंगचा, म्हणजे फिरती सळई अरुंद टूलने कापून वेगळी करण्याचा. लेथवाल्यांच्या निम्म्या झोपा यानेच उडवलेल्या असतात.

"स्पीड किती ठेवू?"

"स्पीड नंतर," मामा म्हणतात. "टूलचे तोंड बरोबर मध्याच्या उंचीला आहे का? कॅरेज लॉक केली का? टूल फार बाहेर काढलेले नाही ना? आणि मुख्य म्हणजे घरून भांडून आला नाहीत ना?"

शेवटचा प्रश्न थट्टेचा नाही. घाबरत घाबरत टूल पुढे नेले की ते कापत नाही, नुसते घासते. घासले की तापते आणि मग एकदम चावते. शांत हाताने, एकाच चालीने पुढे न्यावे लागते. इंग्लंडातल्या जॉर्ज थॉमस नावाच्या हौशी कारागिराने पार्टिंगचे टूल मागच्या बाजूला उलटे बसवण्याचा पुरस्कार केला. डॉक्टर त्यांचे भक्त. मामांना ते मुळीच पटत नसे. "तोंडात मागून हात घालायची सवय दातांच्या डॉक्टरला," असे ते म्हणत. या एका मुद्द्यावर दोघांनी सात वर्षे चहा प्यायला.

दुसरे भांडण इंच आणि मिलिमीटरचे. दशमान मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ मध्ये झाला, पण जुने लेथ अजून इंचांतच बोलतात. मामांचे सूत आणि थाऊ, तर मुलीचे सारे मिलिमीटरमध्ये. १९५९ मध्ये इंच नेमका २५.४ मिलिमीटरचा ठरला. त्याला पाचाने गुणले की १२७ येतात, म्हणून इंचाच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायला १२७ दातांचे चाक लागते. ते छोट्या लेथवर मावत नाही. मग हौशी लोकांनी तोड काढली. ८० आणि ६३ दातांची चाके जोडली तरी चूक येते ती आठ हजारांत एक. म्हणजे आठ मीटर लांब स्क्रू पाडला तर एक मिलिमीटरची! "एवढा स्क्रू घरात ठेवायचा कुठे?" असे विचारून मुलीने मामांचे तोंड बंद केले.

चाकांचा विषय निघाला आहे, तर तो पुरा करतो, कारण मला सांगायचे आहे ते त्यातच आहे. आमच्या लेथच्या लांब स्क्रूला इंचात आठ आटे आहेत. चक आणि स्क्रू सारख्याच वेगाने फिरले तर कामावरही आठ आटे पडतात. चक दुप्पट फिरला तर सोळा. मधली चाके बदलली की आट्यांची संख्या बदलते. लेथबरोबर पत्र्याच्या डब्यात वीस दातांपासून पंचाहत्तर दातांपर्यंतची जी चाके येतात, ती म्हणजे त्याची बाराखडी. एक चाक हरवले तर एक अक्षर गेले.

डॉक्टरांचा लेथ 'मायफोर्ड एमएल ७', इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा. १९४६ मध्ये हे मॉडेल निघाले आणि हौशी मंडळींचे घरचे झाले. बीस्टनचा तो कारखाना २०११ मध्ये बंद झाला. डॉक्टर गेल्यावर बंगला पुनर्विकासाला द्यायचा ठरला. मुलगा बंगळूरहून आठ दिवसांच्या रजेवर आला होता. त्याने भंगारवाल्याला बोलावले, आणि त्याने लेथ किलोवर मागितला. मुलाची चूक म्हणता येणार नाही. यंत्राची किंमत त्याला कोणी सांगितलीच नव्हती. काकूंनी मात्र मामांना फोन केला. आम्ही पोचलो तेव्हा एका पोत्यात खिळे, जुने नळ आणि मोडक्या बिजागऱ्या भरल्या होत्या आणि त्या पोत्यात चाकांचा डबाही गेला होता. काकूंनी तो बाहेर काढायला लावला. म्हणाल्या, "हे दर दिवाळीला हा डबा पुसून, तेल लावून ठेवत. बिनकामाचा असता तर ठेवला नसता."

लेथ ती डिप्लोमावाली मुलगी घेऊन गेली. भंगाराच्या भावाच्या चौपट आणि बाजारभावाच्या निम्म्या किमतीला, हप्त्यांनी. तिच्या काकांच्या घरी तळमजल्यावर खोली होती. यंत्र नेऊन ठेवले म्हणजे झाले, असे नसते. जमीन किंचित वाकडी असली तरी लोखंडी बेडला पीळ पडतो. तो असा शोधतात : इंचभर जाडीची सळई चकात धरून सहा इंच बाहेर ठेवायची, तिच्यावर जवळ एक आणि टोकाला एक असे दोन कंगोरे राखायचे आणि टूलचे माप न हलवता दोन्हींवरून अगदी हलका हात फिरवायचा. दोन्ही कंगोरे मोजून सारखे आले तर बेड सरळ. आमचा फरक आला तीन थाऊ, म्हणजे सुमारे एका केसाच्या जाडीइतका. मग पायाखाली पातळ पत्रा सरकवायचा, बोल्ट आवळायचे, पुन्हा कातायचे, पुन्हा मोजायचे. तिसऱ्या रविवारी फरक अर्ध्या थाऊच्या आत आला. मामांनी तेव्हा पहिल्यांदा चहा मागितला.

यंदा नवरात्राच्या आधी आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आपल्या सासूबाईंची समई घेऊन आल्या. दांडा आणि बैठक यांचे आटे झिजून समई डुलत होती. दुकानदार म्हणाला, "मोडीत द्या, नवी घ्या." आम्ही आटे मोजले तर इंचात भरले साडेनऊ! बाजारात असा बोल्ट नाही आणि असे हत्यारही नाही. त्या काळच्या कारागिराने आपल्या अंदाजाने पाडलेले ते आटे. मुलीने कागदावर हिशेब मांडला. ४० दातांचे चाक ३८ ला, आणि ३८ च्या जोडीला बसवलेले २० चे चाक २५ ला. आठ आट्यांच्या स्क्रूवरून साडेनऊ नेमके उतरतात. अडतीसचे चाक आमच्या कोणाकडेच नव्हते. ते डॉक्टरांच्या डब्यात होते.

झिजलेले टोक कापून तिथे नव्या पितळेचा तुकडा डाख देऊन बसवला. पितळेला टूलचे तोंड वरून सपाट लागते, उतार दिला तर ते आत ओढले जाते. तो उतार मामांनी दगडावर घासून काढला. मोटर बंद ठेवून, चकाला मागून हँडल लावून, मुलीने हातानेच आटे पाडले. दर वेळी केसाच्या अर्ध्याएवढा काप, मग उलटे फिरवून मागे, पुन्हा पुढे. बैठकीचे आटेही झिजलेले, म्हणून नवा दांडा जुन्यापेक्षा किंचित भरीव ठेवला. बैठक चढवून पाहायची, काढायची, पुन्हा काप. अकराव्या वेळी ती फिरत गेली आणि गच्च बसली. आजींनी समई जमिनीवर ठेवून बोटाने ढकलून पाहिली. ती हलली नाही. "किती झाले?" त्यांनी विचारले. मामा म्हणाले, "यातून काही सुटत नाही, आजी. हा आमचा छंद आहे."

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरून एखादी जड, तेलकट पेटी खाली येईल. वडिलांची असेल, आजोबांची असेल. आत काय आहे ते कळणार नाही. कळले नाही म्हणून ती किलोवर देऊ नका. ओळखीच्या एखाद्या फिटरला किंवा टर्नरला ती एकदा दाखवा. यंत्र आणि त्याचे डबे वेगळे करू नका. यंत्र कुठेही मिळेल, त्याचे अडतीसचे चाक मिळणार नाही. आणि ज्यांच्या मागच्या खोलीत लेथ आहे अशा माझ्या भावाबहिणींनो, तुम्हीही एक काम करा. कोणत्या डब्यात काय आहे, त्याची यादी स्वच्छ अक्षरांत लिहून झाकणाच्या आतून चिकटवा. शक्य झाले तर घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला रविवारी सकाळी शेजारी उभे करा. पहिल्या दिवशी फक्त पाहू द्या. दुसऱ्या दिवशी हँडल हाती द्या. सदऱ्यावर डाग पडतील, ते धुता येतात.