समुद्राचं पाणी की मिठाचं?

रत्नागिरीत राहून माशांसाठी मीठ विकत घ्यायचं, हे आम्हाला पटतच नव्हतं. समुद्र दाराशी! धाकट्याने हट्टाने आणलेल्या क्लाउनफिशच्या जोडीसाठी आम्ही बंदराजवळून कॅन भरून पाणी आणायचो. हिवाळा-उन्हाळा बरा गेला. जुलैत, चार दिवसांच्या पावसानंतर, तसंच पाणी टँकमध्ये ओतलं. दोन दिवसांत दोन्ही मासे गेले.

“अब्बा, समुद्रातले मासे समुद्राच्याच पाण्याने कसे मेले?” लेकाने विचारलं. आम्ही निरुत्तर झालो.

मग माहिती काढली. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात नद्या-खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला मिसळतं आणि क्षार घटतात. शिवाय गाळ, होड्यांचं तेल, गटाराचं पाणी. समुद्रातला मासा दूर निघून जातो. काचेच्या पेटीतला जाणार कुठे?

आता आम्ही मरीन सॉल्ट वापरतो. हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे; यात मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरे समुद्राच्या प्रमाणात असतात. स्वच्छ बादलीत 10 लिटर आरओचं पाणी घेऊन सुमारे 350 ग्रॅम मीठ घालतो. नेमकं प्रमाण पाकिटावर पाहावं. लहान पंप लावून रात्रभर फिरवतो. हायड्रोमीटर 1.025 च्या आसपास दाखवू लागला, की मगच ते टँकमध्ये घालतो. मासे असलेल्या टँकमध्ये थेट मीठ कधीही टाकू नये. आणखी एक: वाफ होऊन पाणी कमी झालं, तर फक्त गोडं पाणी घालावं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं.

खर्च होतो, हे खरं. आरओचं वाया जाणारं पाणी आम्ही लादी पुसायला वापरतो. कोरड्या महिन्यांत समुद्राचं पाणी जरूर आणावं, पण बंदर आणि खाडीच्या मुखापासून लांबून, भरतीच्या वेळी, गाळून, मोजून.

यंदा नवी जोडी आणली आहे. पाणी बदलण्याआधी धाकटाच हायड्रोमीटर हातात घेतो. एवढी निगा जमणार नसेल, तर गोड्या पाण्याचे मासे पाळावेत. जीव घरात आणला, की त्याच्या पाण्याचा हिशेब आपल्याकडेच असतो.