नावेचा नियम

पिंपळे सौदागर हे पवना नदीच्या काठचे गाव. आज ते पिंपरी-चिंचवड महानगराचा एक गजबजलेला भाग झाले आहे. जेथे पूर्वी शेते होती, तेथे आता उंच इमारती उभ्या आहेत. नदी मात्र आपल्या जुन्याच वाटेने वाहते. पवना सह्याद्रीत उगम पावते, दापोडीजवळ मुळेस मिळते आणि पुढे भीमा व कृष्णा यांच्या प्रवाहातून तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. उगमापासून अरबी समुद्र जवळ, पण नदीची वाट पूर्वेची. म्हणून या गावच्या मुलांस अरबी समुद्र पाहावयाचा झाला, तर नदीच्या उलट दिशेने, बोरघाट उतरून मुंबईस जावे लागते.

अशा सहलींत घारापुरीची सहल मुलांच्या विशेष आवडीची. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून घारापुरी बेट दहा-अकरा किलोमीटर अंतरावर आहे. लाँचीने तेथे पोहोचण्यास सुमारे एक तास लागतो. त्या एका तासात प्रवासी एका जगातून दुसऱ्या जगात जातो. मागे मोटारींचा गोंगाट आणि माणसांची दाटी. पुढे उष्ण कटिबंधातील एक हिरवे बेट, काठाने तिवरांची झाडी आणि डोंगराच्या पोटात कोरलेली लेणी. ज्या मुलांनी पाणी केवळ नदीचे पाहिले आहे, त्यांस हा प्रवास आयुष्यभर आठवावा, यात नवल नाही.

परंतु या आनंदाच्या प्रवासाचा आरंभ बहुधा कुरकुरीने होतो. लाँचीत पाय ठेवताच खलाशी प्रत्येकाच्या हाती एक नारिंगी जाकीट देतो आणि ते अंगात घालून बंद आवळावयास सांगतो. मग तक्रारी सुरू होतात. कोणास ते फार गरम वाटते. कोणास त्याचा वास आवडत नाही. कोणी म्हणतो, "मला पोहता येते". कोणास छायाचित्र चांगले येणार नाही, याची काळजी पडते. शिक्षकांची पाठ वळली की काही बंद सुटतात, आणि काही जाकिटे बाकाखाली जातात. हे करणाऱ्या मुलांस आपण मोठे धाडस केले, असे वाटते. ते धाडस आहे की अविचार, हे नीट पाहिले पाहिजे.

जमिनीवर चालणारा मनुष्य ठेच लागून पडला, तर गुडघा त्याचाच फुटतो. नावेतील गोष्ट निराळी आहे. नाव पाण्यावर तरंगते, ती तिच्यातील वजन योग्य ठिकाणी आणि योग्य प्रमाणात असते म्हणून. वजन फार झाले की ती खोल बसते. फार माणसे वरच्या मजल्यावर चढली की तिचा तोल नाजूक होतो. सारी एकाच बाजूस धावली की ती त्या बाजूस कलते. घारापुरीच्या वाटेवर हिवाळ्यात पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे लाँचीबरोबर उडत येतात. एक मूल ते पाहण्यास उठते, त्याच्यामागे दुसरे, आणि क्षणात सारा वर्ग एका कठड्यापाशी गोळा होतो. त्या वेळी सारंग मोठ्याने ओरडतो. तो मुलांच्या आनंदावर रागावलेला नसतो. हातातील सुकाणूस नावेचा बिघडलेला तोल इतरांच्या आधी कळतो, एवढेच. "माझ्या एकट्याच्या वजनाने काय होणार?" असे प्रत्येक मूल मनात म्हणते. पण नाव त्या सर्वांचे मिळून वजन मोजते.

ही गोष्ट जगाने मोठी किंमत देऊन शिकली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील काही जहाजमालक जुनी जहाजे बेसुमार भरून समुद्रावर पाठवीत. जहाज बुडाले तरी मालकास विम्याचे पैसे मिळत. प्राणास मुकत ते खलाशी. लोक अशा जहाजांस शवपेट्या म्हणत. सॅम्युअल प्लिमसोल या तेथील पार्लमेंटच्या सभासदाने या अन्यायाविरुद्ध आवाज उठविला. पुष्कळ विरोध झाला, पण तो डगमगला नाही. अखेर १८७६ मध्ये कायदा झाला आणि जहाजाच्या बाजूवर माल भरण्याच्या मर्यादेची खूण रंगविणे बंधनकारक झाले. ती रेषा पाण्याखाली जाईल इतका माल भरावयाचा नाही, हा तिचा अर्थ. आजही ती प्लिमसोल रेषा म्हणून ओळखली जाते. एका साध्या रेघेने किती खलाशी सुखरूप घरी परतले असतील, याची गणती कोण करणार?

मुंबईच्या समुद्रानेही असा धडा दिला आहे. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्यास महिनाही उरला नसता, 'रामदास' नावाची बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. आषाढी अमावास्येसाठी गावी जाणारी कितीतरी माणसे तिच्यात होती. काशाच्या खडकाजवळ वादळी वाऱ्यात लाटांच्या तडाख्याने ती कलली, प्रवाशांत एकच गोंधळ उडाला आणि थोड्या वेळात ती बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेश पाठविण्याची सोय नव्हती. त्यामुळे मुंबईस ही वार्ता कळण्यास कित्येक तास लागले. रेवसकडील कोळी मासळी घेऊन मुंबईस निघाले होते. त्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून दिली आणि त्या जागी बुडणारी माणसे घेतली, असे सांगतात. दिवसाची कमाई की परक्याचा जीव, हा प्रश्नच त्यांस पडला नाही. समुद्रावर राहणारी माणसे नावेचा नियम पुस्तकातून शिकत नाहीत. तो त्यांच्या अंगी मुरलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, "ती गोष्ट जुनी झाली. आज घारापुरीस रोज लाँची जातात आणि सुखरूप परततात. रोज काय अपघात होतो?" हे म्हणणे वरवर खरे आहे. परंतु छत्री जशी पावसाच्या दिवसासाठी, तसा नियम वाईट दिवसासाठी असतो. आणि तो दिवस आधी सांगून येत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी 'नीलकमल' नावाची लाँच शंभराहून अधिक माणसांस घेऊन घारापुरीस निघाली होती. दुपारची वेळ, पावसाळा सरलेला. नौदलाची एक वेगवान नौका इंजिनाची चाचणी घेत असता तिच्यावरचा ताबा सुटला आणि ती लाँचीवर येऊन आदळली. पंधरा जणांचे प्राण गेले. जवळच्या लाँची आणि बंदराच्या व नौदलाच्या नौका धावून आल्या, म्हणून बाकीचे वाचले. आरंभी जाकिटे अंगावर नव्हती, असे वाचलेल्या काही प्रवाशांनी सांगितले. त्यानंतर या मार्गावर जाकीट घालणे सक्तीचे करण्यात आले.

या घटनेचा एक अर्थ मुलांनी ध्यानात घ्यावा. त्या प्रवाशांची चूक काहीच नव्हती. ते आपल्या जागी बसले होते. संकट दुसरीकडून आले. "मी सावधपणे वागेन, मग मला जाकीट कशाला?" हा प्रश्न म्हणूनच फोल आहे. जाकीट केवळ स्वतःच्या चुकीसाठी नसते. दुसऱ्याच्या चुकीसाठी, यंत्राच्या बिघाडासाठी आणि वाऱ्याच्या लहरीसाठीही असते. पोहता येणाऱ्यासही ते हवेच. घाबरलेला, डोक्यास मार लागलेला मनुष्य पोहणे विसरतो. जाकीट मात्र आपले काम विसरत नाही. शिवाय जो स्वतः तरंगतो, तोच शेजारच्या बुडणाऱ्यास हात देऊ शकतो.

तथापि नियमाचा सारा भार मुलांवर टाकून मोठ्यांस मोकळे होता येणार नाही. लाँचीत जितकी माणसे, तितकी जाकिटे असलीच पाहिजेत. लहान मुलांसाठी लहान मापाची असली पाहिजेत. ती स्वच्छ आणि धड असली पाहिजेत. मळकट, बंद तुटलेले जाकीट मुलाच्या हाती देऊन शिस्तीचा उपदेश करणे शोभत नाही. ठरलेल्या संख्येहून एकही प्रवासी अधिक न घेणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि ते पाळले जाते की नाही, हे पाहणे अधिकाऱ्यांचे. शिक्षकांनी आणि पालकांनी आधी स्वतः जाकीट घालावे, मग मुलांस सांगावे. मोठी माणसे ज्या नियमास हसतात, तो नियम मुलांनी पाळावा, अशी अपेक्षा कोणी करू नये.

नियम पाळला म्हणून प्रवासाची गोडी उणी होते काय? मुळीच नाही. जाकीट घालून बसलेल्या मुलासही गेटवेची कमान लहान लहान होत जाताना दिसते. नांगर टाकून उभी असलेली अजस्र मालवाहू जहाजे दिसतात. न्हावा-शेवा बंदराच्या उंच याऱ्या आकाशात मान वर करून उभ्या असलेल्या दिसतात. वारा त्याच्याही तोंडावर येतो आणि खारट तुषार त्याच्याही ओठांस लागतात. किंबहुना मनात धास्ती नसली म्हणजे हे सारे अधिक नीट पाहता येते.

तासाभराने लाँच घारापुरीच्या धक्क्यास लागते. सारी मुले जाकिटे काढून ठेवतात आणि नावेचा नियमही तेथेच ठेवून बेटावर उतरतात. येथेच त्यांची दुसरी चूक होते. कारण बेट हीदेखील एक मोठी नावच आहे.

बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावे आहेत. हजार-बाराशे माणसे तेथे राहतात. जे जमिनीवर सहज मिळते, ते त्यांस समुद्र ओलांडून आणावे लागते. मुंबईचे दिवे रात्री समोर लखलखत असत, आणि या गावांत मात्र जनित्रावर काही तास वीज मिळे. समुद्राच्या तळातून तार नेऊन तेथे कायमची वीज पोहोचली ती २०१८ मध्ये. पिण्याच्या पाण्यासाठी पावसाचे पाणी साठवावे लागते. धान्य नावेने येते, आजारी माणूस नावेने जातो. अशा ठिकाणी पाण्याची अर्धी बाटली ओतून देणे किंवा खाऊचे वेष्टन झुडपात भिरकावणे, म्हणजे नावेत एका बाजूस धावण्यासारखेच आहे. "माझ्या एका कागदाने काय होणार?" हा प्रश्न "माझ्या एकट्याच्या वजनाने काय होणार?" या प्रश्नाचा सख्खा भाऊ आहे. त्या बेटास 'बाहेर' नाही. टाकलेली वस्तू तेथेच राहते, किंवा समुद्रात जाते. जो डबा भरून आणला, तो रिकामा झाल्यावर परत नेण्यास काय अडचण आहे?

लेण्यांचेही तसेच. सुमारे सहाव्या शतकात कारागिरांनी अखंड काळ्या कातळातून ती कोरली. तेथील महेशमूर्ती साडेपाच मीटरच्या सुमारास उंच आहे. तिच्यासमोर उभे राहिले की दंगा करणारी मुलेही आपोआप गप्प होतात. १९८७ मध्ये युनेस्कोने या लेण्यांस जागतिक वारसा म्हणून मान दिला. पण याच लेण्यांत किती हात, किती मुखे भंगलेली आहेत! कारागिराने छिन्नीने वर्षानुवर्षे जे घडविले, ते अविचारी हातांनी फोडले. दगडाच्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरणारा मुलगा त्याच हातांच्या रांगेत जाऊन बसतो. आपल्यामागून आणखी माणसे येणार आहेत, याचा त्यास विसर पडलेला असतो. नावेत जसे शेजारी बसलेल्याचे भान ठेवावे लागते, तसे येथे अजून न जन्मलेल्या प्रवाशाचे भान ठेवावे लागते.

संध्याकाळी लाँच परत फिरते. रात्री उशिरा मुले पिंपळे सौदागरला पोहोचतात, सहल संपते. मात्र नावेचा नियम तेथेही लागू आहे. पवनेच्या पात्रात कधी जलपर्णी माजलेली दिसते, कधी पाण्यावर पांढरा फेस दाटलेला दिसतो. काठावरच्या प्रत्येक गावास वाटते, आपण टाकलेले वाहून गेले म्हणजे गेले. पण वरच्या गावाने टाकलेले खालच्या गावाच्या दारी येते, आणि पिंपळे सौदागरने टाकलेले पुढे आणखी कोणाच्या तरी दारी जाते. शहराच्या उंच इमारतींत राहणारी माणसेही अखेर एकाच पाण्यावर जगतात.

घारापुरीस जाणाऱ्या प्रत्येक मुलाने तेथून एक वस्तू अवश्य घरी आणावी. ती दुकानात मिळत नाही आणि तिला पिशवीही लागत नाही. नावेत बसताना शिकलेली ती सवय आहे: काही करण्यापूर्वी, आपल्याबरोबर आणखी कोण बसले आहे, हे एकदा वळून पाहण्याची.